ऑक्टोबरचं पाणी

लोकांचे घरमालक भिंतीला खिळे ठोकू नका म्हणतात, फार पाहुणे आणू नका म्हणतात. आमच्या घरमालकांनी पहिल्या भेटीत मला एकच प्रश्न विचारला.

"थंड पाण्यानं अंघोळ करतीस का?"

मी ठाण्याची. ऑकलंडला येऊन तिसरा आठवडा, त्यात जुलै, म्हणजे इथली ऐन थंडी. अंगात दोन स्वेटर घालून मी त्यांच्या माउंट रॉस्किलच्या स्वयंपाकघरात उभी होते आणि मला खोलीची नितांत गरज होती. "कधीकधी," असं सपशेल खोटं सांगितलं.

"मग खोली तुझी," ते म्हणाले. "फक्त फ्रिजच्या बटणाला हात लावायचा नाही."

त्या मागच्या खोलीत मी सहा वर्षं राहिले. सगळे त्यांना काकाच म्हणत, मीही. गेल्या सप्टेंबरात ते गेले. इथे आपल्या मंडळींत कुणी गेलं की चार बऱ्या गोष्टी सांगायची पद्धत आहे, तशा मीही त्या दिवशी सांगितल्या. एक गोष्ट मात्र बोलले नाही. काकांच्या आयुष्यात शेवटी शेवटी एकच गोष्ट उरली होती, समुद्रात खोल उतरणं, आणि ती माझ्यामुळे बंद पडली. ते सांगायचं तर आधी काका सांगायला हवेत.

काका सांगलीचे. आधी बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये, मग इथे मटणाच्या. सगळी नोकरी थंडीत काढलेला माणूस. दिवाणखान्यात पेपर वाचता वाचता कान टवकारून म्हणायचे, "फ्रिजचा आवाज बदललाय. दार नीट लावलं नाहीस." आणि खरंच लावलेलं नसायचं. एकदा ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो, तिथे यजमानांच्या फ्रिजचा आवाज यांना पसंत पडला नाही. श्रीखंड यायच्या आत काका फ्रिजमागे पालथे पडलेले. यजमानीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काकांना त्याचं काही नाही. "पंखा अडकला होता," एवढंच म्हणाले आणि हात धुऊन श्रीखंडाला बसले.

पोहायला ते कृष्णेत शिकले, पाठीला डबा बांधून. स्कूबा डायव्हिंग मात्र इथे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काकू गेल्यानंतरच्या वर्षी. कोल्ड स्टोअरेजमधला एक गोरा सहकारी घेऊन गेला आणि काका त्यातलेच होऊन बसले. त्यांची मुलगी ऑकलंडच्याच उत्तर टोकाला, अल्बनीला राहते. ती कपाळावर हात मारून म्हणायची, "बाबा, पीपल युअर एज प्ले बोल्स." बोल्स म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा इथल्या म्हाताऱ्यांचा खेळ. काका म्हणायचे, "खेळू देत की."

त्यातही तऱ्हा अशी की जायचं ते फक्त हंगामाच्या सुरुवातीला. ऑक्टोबर आणि अर्धा नोव्हेंबर. शहाणी माणसं जानेवारी-फेब्रुवारीत जातात, तेव्हा पाणी उबदार असतं आणि लांबचं दिसतं. ऑक्टोबरात पाणी चौदा अंश, वर हिरवं गढूळ. तोंडावरची उघडी कातडी पहिली पाच मिनिटं बधिर होते आणि कपाळ असं ठणकतं की आईची आठवण येते. होडी अर्धी रिकामी असते. मी विचारलं, "काका, हा हट्ट कशाला?" तर म्हणाले, "गर्दी नको." पुन्हा कधीतरी विचारलं, तेव्हा म्हणाले, "थंडीत डोकं एका वेळी एकच काम करतं. श्वास. बाकीचं सगळं बंद पडतं." बाकीचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. काकूंचा फोटो समोरच होता.

ऑगस्ट लागला की तयारी सुरू. मागच्या अंगणात एक मोठा प्लॅस्टिकचा टब होता, त्यात नळाचं पाणी भरून रोज सकाळी वीस मिनिटं गळ्यापर्यंत बसायचं. बसून पेपर वाचायचा. शेजारच्या टोंगन बाई कुंपणावरून हाक मारायच्या, "काका, यू ओके?" हे पेपर न हलवता इथल्या बोलीत, एकदम झकास अशा अर्थानं, म्हणायचे, "स्वीट ॲज!" दात वाजत असायचे. डायव्हिंगचा जाड रबरी सूट ते रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, पैठणी धुवावी तसा, आणि हँगरला लावून वाळत घालायचे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणीतरी गळफास घेतलाय असं वाटून किंचाळले होते. त्यावर काका आठवडाभर हसत होते.

मला यात ओढलं ते माझ्याच तोंडाने. एका रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून मेथी घेऊन येताना मी म्हटलं, "एवढं काय असतं हो खाली?" झालं. पुढच्या उन्हाळ्यात मला कोर्स करावा लागला आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरपासून मी काकांची बडी. पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं. दोघांची जोडी असते, त्यातल्या जोडीदाराला बडी म्हणतात. उतरण्याआधी बडीने बडीचं सगळं सामान तपासायचं, खाली नजरेआड होऊ द्यायचं नाही आणि एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपल्या सिलिंडरची द्यायची, त्यासाठी प्रत्येकाजवळ जादा नळी असते. काका म्हणायचे, "लग्नात एवढ्या अटी नसतात."

पहाटे माउंट रॉस्किलहून निघायचं, तीन तास उत्तरेला, फांगारेईच्या पुढच्या एका बंदरात. तिथून भाड्याची चार्टर होडी, बेटांपर्यंत तासाभराची. होडीची स्किपर, म्हणजे कप्तान, पन्नाशीची माओरी बाई होती, आवाज खणखणीत आणि मनाने प्रेमळ. इथे काका नावाचा एक रानपोपट आहे, त्यामुळे हे नाव तिला फार आवडलेलं. "किआ ओरा, काका!" असं ओरडून ती आमचं स्वागत करायची. होडीवर सगळ्यांना सूप मिळायचं. काका थर्मासातून हुलग्याचं माडगं न्यायचे आणि निळे पडलेले गोरे गडी सूप सोडून त्याच्यासाठी कप पुढे करायचे.

आणि ती तपासणी! इतर लोक आपसात पुटपुटत करायचे. काका शाळेतल्या हजेरीसारखी मोठ्यानं घ्यायचे, मराठीत.

"जाकीट?"

"फुगतंय."

"वजनं?"

"आहेत."

"बकलं?"

"लागलीत."

"हवा?"

"चालू!"

एकदा मी नुसतंच "चालू" म्हटलं, सिलिंडरमधली हवा दाखवणारा काटा न बघता. काकांनी मला बाकावर बसवलं आणि ती डाइव्हच रद्द केली. तीन तास गाडी चालवून आलेलो, सगळे उतरले, आम्ही दोघं होडीवर माडगं पीत बसलो. मी फणफणत होते. ते शांतपणे म्हणाले, "चिडलीस तरी चालेल. जिवंत आहेस, चिडशीलच." इतका काटेकोर माणूस होता, हे मी मुद्दाम सांगतेय.

पाण्याखाली ते वेगळेच असत. जमिनीवर सारखी काहीतरी खुडबुड, पण खाली अगदी संथ. हिरव्या धूसर उजेडात केल्पची, म्हणजे समुद्री शेवाळाची, लांब पानं मागेपुढे होत असायची, निळ्या लहान माशांचे थवे आमच्या अंगावरून जायचे आणि काका एका कपारीसमोर गुडघे टेकून बसायचे. कपारीत एक जाडजूड मोरे ईल, सापासारखा लांब मासा, राहायचा, तोंड सारखं उघडमीट करणारा. त्याला ते मास्तर म्हणायचे, कारण त्यांचे गणिताचे मास्तर बोलण्याआधी अस्संच करायचे म्हणे. वर आल्यावर मला म्हणायचे, "मास्तर आज बरे दिसले." मी म्हणायचे, "तुम्हाला नापास केलं नाही ना?" मग परतीच्या सगळ्या वाटेवर आमचं हेच.

पहिली खूण फ्रिजची. एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर फ्रिजचं दार सताड उघडं, दुधाला वास येत होता आणि काका समोरच खुर्चीवर बसून शब्दकोडं सोडवत होते. त्यांना आवाज ऐकू आला नव्हता. मी दार लावलं आणि फरशी पुसली. मग भाताचा कुकर दोनदा लागायला लागला. मग तोच किस्सा एका जेवणात दोनदा. वय झालं, चालायचंच, असं मी स्वतःला समजावलं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत होडीवर नेहमीसारखी हजेरी झाली. "हवा?" मी विचारलं. "चालू!" काका गरजले. मी काट्याकडे पाहिलं तर तो शून्यावर. सिलिंडरचा व्हॉल्व उघडलेलाच नव्हता. काय करायला हवं होतं, ते मला त्यांनीच शिकवलं होतं. मी हात त्यांच्या पाठीमागे घातला, पट्टा सरळ करतेय असं दाखवून व्हॉल्व उघडला, आणि आम्ही उतरलो. दुसऱ्या फेरीत ते वजनांचा पट्टा विसरले. तोही मी गुपचूप आणून बांधला. "होय की," ते म्हणाले, "आणतच होतो."

आता कुणीही म्हणेल, शिकलेली मुलगी तू, असं कसं वागलीस? सांगते. आमच्या घरी मोठ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवत नसत. आजोबांनी धोतराला डाग पाडला तर आई पाण्याचा तांब्या गुपचूप त्यांच्याजवळ ठेवून जायची, डागाचं नाव काढायची नाही. मी तेच केलं. होडीवरच्या एखाद्या किवी पोरीने सरळ सांगितलं असतं, मेट, तुमचा व्हॉल्व बंद आहे, आज बसा. मला ते जमेना. काकांच्या मुलीने फोन करून विचारलंसुद्धा, "इज डॅड स्टिल ओके टू डाइव्ह?" मी म्हटलं, "हो गं, एकदम मस्त." चौदा अंशांच्या पाण्यात मी त्या माणसाचा जीव सांभाळण्याऐवजी अब्रू सांभाळत होते. मूर्ख, दुसरं काय.

तिसरी फेरी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. वारा होता, होडी बरीच हलत होती. तपासणी मी डोळ्यांत तेल घालून केली, सगळं ठीक होतं. सिलिंडर भरलेला असतो तेव्हा काटा दोनशेवर असतो आणि पन्नासला आला की वर निघायचं, काही झालं तरी. आम्ही अठरा मीटरवर होतो. मी त्यांना खुणेने विचारलं, किती? त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून ठीकचं वर्तुळ दाखवलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा वर्तुळ. मी पुढे जाऊन काटा बघायला हवा होता. नाही बघितला, कारण सारखं सारखं तपासणं म्हणजे अविश्वास दाखवण्यासारखं वाटलं.

मास्तरांच्या कपारीपुढून काका एकदम उठले. डोळे मोठे झालेले. हात छातीवर चाचपत होते. त्यांची हवा संपली होती. माझी जादा नळी मी त्यांच्या तोंडात कशी घातली, ते मला आठवत नाही. त्यांचा पट्टा घट्ट धरून हळूहळू वर निघालो. रक्तात विरघळलेला वायू निघून जावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. ती तीन मिनिटं आम्ही दोघं एका सिलिंडरवर, समोरासमोर, एकमेकांना धरून. थंडीने माझी बोटं वळत नव्हती. काचेपलीकडून ते माझ्याकडे बघत होते, लहान मूल डॉक्टरकडे बघतं तसं. मी मनात एकच म्हणत होते, देवा, यांना एवढं वर जाऊ दे.

वर आलो. स्किपरने दोघांना ओढून घेतलं, ब्लँकेटं टाकली आणि विचारलं, "काय झालं खाली?" सगळी होडी आमच्याकडे बघत होती. मी ठरवलं होतं, माझी चूक म्हणून सांगायचं. तोंड उघडणार एवढ्यात काका म्हणाले, मोठ्यानं, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हिची हवा संपली. मी माझी दिली." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "काटा बघता येत नाही तर पाण्यात येतीस कशाला? मरायचंय का? मलाही मारलं असतंस!"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं. हे मला आज कळतं. त्या क्षणी कळलं नाही. मी तीन फेऱ्या त्यांना झाकत आले होते, आणि हे मलाच बोलत होते. माझं डोकं फिरलं.

"हवा त्यांची संपली!" मी इंग्रजीत ओरडले. "माझी नाही! त्यांचा व्हॉल्व बंद होता तो मी उघडला, वजनं विसरले ती मी बांधली. त्यांना काहीच आठवत नाही. घरी फ्रिज उघडा ठेवतात. विचारा त्यांना आज वार कुठला!"

वार विचारायची काही गरज नव्हती. ते मी का बोलले, देव जाणे.

काकांनी आपल्या छातीवरचा काटा हातात घेतला. शून्य. बघितला आणि हळूच खाली सोडला. मग ते बाकावर बसले आणि हातमोजे काढायला लागले, एकेक बोट. स्किपर त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि खालच्या आवाजात सांगितलं की आता डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती त्यांना पाण्यात सोडू शकत नाही. ते मान हलवत राहिले. माडगं त्या दिवशी कुणीच मागितलं नाही.

जे झालं ते व्हायलाच हवं होतं, असं सगळे म्हणाले. त्यांची मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली, थँक यू म्हणाली. मी पहिल्या फेरीला बोलले असते तर ती काळजी झाली असती. तिसऱ्या फेरीला बोलले ते रागाने, त्यांना लागावं म्हणून. शब्द तेच होते, पण मला फरक माहीत आहे.

परतताना दोन तासांनी, वेल्सफर्ड गावाच्या अलीकडे, काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोटवाल्यांना माझ्याबद्दल कुणी सांगितलं गं?"

मी गाडी चालवत राहिले.

डॉक्टरांनी काही लिहून दिलं नाही. उन्हाळा संपेपर्यंत मुलीने त्यांना अल्बनीला नेलं आणि पुढच्या वर्षी तिथल्याच एका वृद्धाश्रमात. जागा चांगली होती, स्वच्छ, उबदार. फार उबदार. काका स्वेटर काढून ठेवायचे आणि नर्स परत घालायची. मी दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की बसने जायचे. नातवंडांची नावं गेली, नोकरी गेली, सांगलीसुद्धा जाऊन येऊन असायची. मास्तर कोण, तेही एके दिवशी गेलं. एक गोष्ट मात्र पक्की राहिली. कुणीतरी त्यांच्याबद्दल बोटवाल्यांना सांगितलं आणि त्यांचं पाणी बंद झालं. ती होडी, ते ओरडणं, मी, यातलं काहीच त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. उरलं होतं ते फक्त कुणीतरी.

"शोध की गं," मला म्हणायचे. "तुझ्या ओळखी आहेत. कुणी सांगितलं असेल?"

मी संत्रं सोलून द्यायचे, विषय बदलायचे. असं वर्षभर चाललं. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी मला ते सहन होईना. दार लावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली, त्यांचा हात हातात घेतला.

"काका, मी सांगितलं. होडीवर. सगळ्यांसमोर. मला राग आला होता."

त्यांना कळलं. तेवढ्यापुरतं सगळं लख्ख कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तू?" ते म्हणाले. "तू तर माझी बडी होतीस की गं."

मी हो म्हटलं.

मग अगदी हळू, खरोखरच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं, त्यांनी विचारलं, "मग मी खाली होतो कुणाबरोबर?"

बसस्टॉपवर बसून मी रडले, दोन बस गेल्या. पुढच्या शुक्रवारी तरीही गेले. काका खिडकीपाशी बसले होते. मला बघून तोंडभर हसले, शेजारची खुर्ची सरकवली आणि मी बसायच्या आत विचारलं, "काय गं, लागला का पत्ता? कुणी सांगितलं?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गेल्या शुक्रवारचं तिथे काहीही नव्हतं.

"अजून नाही, काका," मी म्हटलं. "शोधतेय."

"शोध," ते माझ्या हातावर थोपटत म्हणाले. "तू शोधशील. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."